कुशाबाईच्या नावाचा डबा

“डॉक्टरबाई, दुखणं थांबवायच्या गोळीनं जखम भरायची थांबती का?”

शाळेच्या सभागृहात, व्याख्यानाला आलेल्या डॉक्टरबाईंना संस्कृतीनं उभं राहून हे विचारलं आणि मागं बसलेल्या तिच्या मैत्रिणी, रोहिणी आणि स्वरूपा, एकमेकींकडं बघायला लागल्या. “विचारून तर दाखव, आठ दिवस तुझं दप्तर आमी उचलू,” असं त्याच म्हणाल्या होत्या. मित्रांनो, त्या दप्तरातच मी होतो. मी एक जुना पत्र्याचा डबा आहे.

माझा जन्म बिस्किटांसाठी झाला. झाकणावर छान गुलाब होता, आता देठ तेवढा उरलाय. बिस्किटं संपल्यावर माळेगावच्या कुशाबाईनं, म्हणजे संस्कृतीच्या आज्जीनं, मला सुईदोऱ्यासाठी घेतलं. कुणाचं बटण तुटलं की “गुलाबाचा डबा आणा गं!” अशी हाक यायची. काय रुबाब होता माझा!

मग कुशाबाईला कॅन्सर झाला. सुया बाहेर गेल्या, गोळ्या आत आल्या. अफूच्या जातीतल्या, कडक. डॉक्टरांनी रीतसर चिठ्ठी लिहून दिलेली. त्या गोळ्यांमुळंच म्हातारी शेवटी शेवटी शांत झोपली, म्हणून त्यांना मी सरसकट वाईट म्हणणार नाही.

ती गेली. तिची लुगडी वाटली, खाट माळ्यावर चढली. माझ्यात मात्र दोन पाकिटं आणि ती चिठ्ठी तशीच राहिली.

तिचा मुलगा सोपान, म्हणजे संस्कृतीचा बाप, साखर कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर नेतो. हंगामात त्याची पाठ धरली. “आईची गोळी हाय की,” म्हणत त्यानं माझं झाकण उघडलं. पाठ सुटली, गोळी मात्र सुटली नाही. पाकिटंही संपली. मग तो मला घेऊन औषधाच्या दुकानात गेला आणि चिठ्ठी पुढं केली.

“कुशाबाईंचं कसं हाय आता?” दुकानदारानं विचारलं.

“हाय तसंच,” सोपान म्हणाला.

मित्रांनो, मी पत्र्याचा. मला शहारा येत नाही. पण त्या दिवशी माझं झाकण आपोआप खडखडलं.

पुढं दर महिन्याला तोच प्रश्न, तेच उत्तर. भिंतीवरच्या फोटोला हार आणि कागदावर बाई अजून तळमळतेच आहे! माझ्या आत तिच्या हाताचा वास अजून आहे, खोबरेलाचा. झाकण लागलं की वाटायचं, ती अंधारात विचारतेय, “माझं दुखणं अजून का रं संपंना?”

यंदा उसाचा खुंट सोपानच्या टाचेत घुसला. गोळीच्या अंमलात त्याला कळलंसुद्धा नाही. घरी आल्यावर बायकोनं, रतननं, फरशीवर रक्त पाहिलं. दोन महिने झाले, जखम सुकेना. ताप येई, जाई, परत येई. साखर तपासली, ती नव्हती. एकदा संस्कृतीनं सुई शोधायला मला उघडलं. चिठ्ठी आज्जीची, दोन वर्षांपूर्वीची. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख मात्र यंदाची. तिनं मला गपचूप दप्तरात घातलं.

सभागृहात डॉक्टरबाई म्हणाल्या, “छान विचारलंस. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात. या गोळ्या दुखणं दाबतात, पण बरेच दिवस घेतल्या तर त्या पेशींनाही सुस्त करू शकतात. मग जंतूंना रान मोकळं. त्यात दुखत नाही म्हणून माणूस जखमेकडं बघतही नाही. पण एकदम बंद करायच्या नाहीत हं! अंगावर उलटतं. डॉक्टर हळूहळू कमी करतात. कोण घेतंय, बाळ?”

संस्कृतीनं खाली बसून दप्तर जवळ ओढलं. घरी येताना रोहिणीनं दप्तर खरंच उचललं, पण चेष्टा एकीनंही केली नाही.

घरात चहा चालला होता. संस्कृतीनं मला कपबश्यांच्या मधोमध ठेवलं. सोपानचा चेहरा उतरला.

“ठिव तो जाग्यावर. आईचा हाय.”

“अवो, काय हाय त्यात?” रतननं विचारलं.

मित्रांनो, मी डबा. जे ठेवाल ते मुकाट्यानं सांभाळतो, विषसुद्धा. घरातून माणूस गेलं की त्याची औषधं त्याच्यामागं ठेवू नका रे. झाकण उघडून बघा. ते मला जमत नाही, पण तुम्हाला जमतं. संस्कृतीला जमलं.

तिनं चिठ्ठी उलगडली.

“आई, अण्णा, माझं ठरलंय. उद्या शाळा बुडली तर बुडू दे. हा डबा आन् अण्णा, दोघांना घिऊन मी डॉक्टरबाईंकडं जाणार. आन् आज्जी गेली, हे त्या दुकानात मी स्वतः सांगणार. तिला आता आजारी ठिवायचं न्हाय.”