मेढीच्या दोन गाठी

मालनने गाठ ओढून पाहिली, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि मगच दारात उभ्या राहिलेल्या बाईकडे मान वळवली. ओठांतली ओवी अर्ध्यावर राहिली होती.

गाठ बाई मारिते, पदराच्या शेवाला
बाळा नको जाऊ, पाण्याच्या गावाला

खोलीच्या मधोमध छपराला टेकू दिलेली मेढ. तिच्यापासून निघालेली हिरव्या लुगड्याची पट्टी शुभाच्या कमरेपर्यंत गेली होती. पाच वर्षांची पोर मांडी घालून फुटक्या काकणांचे तुकडे मांडत होती. हाताशी झाकलेली पेज, तांब्याभर पाणी. पट्टी एवढी लांब, की मोरीपर्यंत जाता यावं. एवढी आखूड, की स्टोव्ह आणि उंबरा दोन्ही लांब राहावेत.

"मी क्षमा. बालकल्याण मंडळाकडून आलेय. आत येऊ?"

"कामावर जायचा आसा माका, बाई. मरोळक. उशीर झालो तर आत घेणत नाय."

"फार वेळ नाही घेणार."

क्षमाच्या पाठीमागे पलीकडच्या खोलीतली सुगंधा उभी होती. तिला पाहताच मालनच्या कपाळाची शीर उठली.

"ह्या सुगंधान सांगितला काय तुमका? दिवसभर भिंतीक कान लावून बसता."

"भिंत कुठाय गं? पत्राच आहे मधे," सुगंधा म्हणाली. "कान नाय लावला तरी ऐकू येतं." मग आवाज उतरवून क्षमाला म्हणाली, "पोर दुपारभर बोलत असते, बाई. मीपण दोन वाढवलीत, एकटं पोर कसं बोलतं ते ठाऊक आहे मला. ही बोलते, थांबते, ऐकते. आणि मग हसते."

क्षमा खाली बसली. पट्टीच्या आत मऊ फडक्याची घडी घातलेली होती; कमरेला वळ नव्हता. केसांना तेल, सरळ भांग. बोलता बोलता क्षमाने चष्मा सारखा करायला हात पटकन वर नेला. शुभाने डोळे मिटले नाहीत, मान आत ओढली नाही. म्हणजे या घरात हात उगारला जात नव्हता.

मुलांसाठीचा नवा कायदा येऊन वर्ष होत आलं होतं आणि त्यातले शब्द क्षमाला पाठ होते. मुलाला मारणं. टाकून देणं. जाणूनबुजून हेळसांड करणं. विनाकारण क्लेश होतील असं वागवणं. घाटकोपरपासून भांडुपपर्यंतच्या खोल्यांतून ती हे शब्द शिवलेल्या कपड्यासारखे अंगाला लावून पाहत आली होती. कुठे घट्ट व्हायचे, कुठे ढगळ. इथे बांधलेलं मूल समोर होतं, बाहेर कडीला कुलूप लटकत होतं. शब्द बसत होते. फक्त त्या पेजेवरचं झाकण, माशी बसू नये म्हणून पालथी घातलेली वाटी, तेवढं बाहेर राहत होतं.

तेव्हा तिला मेढीला बांधलेली दुसरी पट्टी दिसली. निळी, विटलेली. तिच्या टोकाला लहान मुलाच्या कमरेएवढा वेढा होता, गाठ मारून पक्का केलेला. आत कुणी नव्हतं.

"दुसरं मूल कुठे आहे?"

सुगंधाने तोंड फिरवलं. मालन डब्याचं झाकण लावत राहिली. ते लागलेलंच होतं.

"दादाची आहे ती," शुभा म्हणाली. ताट कुणाचं, पाट कुणाचा, ते सांगावं तसं. "आई आधी दादाला बांधते. मग मला."

टेकडीवरून पाणी साचलेल्या खदानीच्या बाजूचा वारा आला आणि निळा वेढा जमिनीवर जरासा सरकला. शुभाने न बघताच काकणाचा एक तुकडा त्याच्यापुढे ठेवला.

"राजाराम," मालन म्हणाली. "सात वर्साचो होतो."

मालनचा नवरा काशीराम गिरण्यांच्या संपानंतर गावी गेला तो तिकडचाच झाला आणि मालनने मरोळला औषधांच्या बाटल्या भरायचं काम धरलं. गावात शेतावर निघताना बाई घरापुढच्या खळ्यात उभी राहून एकदाच ओरडते, पोराक बघा गो! घराघरातून 'हो' येतं. मग पोर अख्ख्या वाडीचं. कुणाच्या तरी चुलीपुढे जेवतं, कुणाच्या तरी ओटीवर निजतं. मालननेही कामाच्या पहिल्या दिवशी नळापाशी उभं राहून तसंच ओरडून सांगितलं होतं.

"सगळ्यांनी हो म्हटला, बाई. गावातल्यासारखाच. माका बरां वाटला." मालनने डबा पिशवीत ठेवला. "पण हडे मुंबैत 'सगळी' म्हणजे कोणच नाय, ता माका कळाक नाय. जी ती समाजली, दुसरी बघता. संध्याकाळी खदानीच्या पाण्यावर त्याची चड्डी..."

दाराच्या चौकटीवरचा सुगंधाचा हात खाली आला.

"पोलिसांनी लिहिला, अपघात. तेव्हा तुमच्यातला कोण इला नाय," मालन म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून क्षमाला तो जास्त ऐकू आला. "सोडललो तो मेलो, तर कोणी इचारूक नाय. बांधलेली जिती आसा, तर तुम्ही इलात."

क्षमाने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. खाली रस्त्यावर बस थांबली आणि निघून गेली.

"हिला अशी ठेवून मला जाता येणार नाही, मालनताई," ती शेवटी म्हणाली. "आग लागली तर? साप आला तर? हिला आज मंडळापुढे न्यावं लागेल. तिथून बालगृहात, निकाल होईपर्यंत."

"नेऊ नका."

"मग सोडा तिला. माझ्यासमोर."

मालन शुभापुढे बसली. हिरव्या गाठीवर तिने बोटं ठेवली. बोटं तिथेच राहिली. ओठ हलले, ओवीचा सूर आला, शब्द आले नाहीत.

"थांब, मी सोडते," शुभा म्हणाली.

तिने गाठीचं एक टोक चिमटीत धरलं, दुसरं दातांनी ओढलं. पट्टी घसरून मांडीत पडली. क्षणाचंही काम नव्हतं. सवयीचा हात होता.

"तुका सुटता?" मालनने विचारलं.

"कधीपासून. पायरीवर बसते मी. मागची फळी ढकलली की जाता येतं. तू यायच्या आधी परत बांधते." मग आईचा चेहरा बघून घाईने म्हणाली, "पाण्याकडे नाय गेले. एकदापण नाय."

मालनने फळीकडे पाहिलं. फळीच्या फटीतून सकाळचं ऊन येत होतं आणि त्या उन्हात खदानीकडची पायवाट दिसत होती.

"फक्त दादाची सुटत नाय," शुभा म्हणाली. "त्याची तू लय जोरात बांधतेस."

मालनने निळा वेढा जवळ ओढला. नखांनी गाठ उकलू लागली. रोज सगळा जीव लावून ओढलेली गाठ. नख दुमडलं, गाठ तशीच. तेव्हा सुगंधा उंबरा ओलांडून आत आली. कुणी बोलावलं नव्हतं. तिने मालनच्या हातातून वेढा घेतला आणि खाली वाकून गाठ दातांत धरली. मालनने तिला अडवलं नाही. पट्टीचं एक टोक तिने आपल्या मुठीत धरून ठेवलं होतं. गाठ सुटली तेव्हा ते तिच्याकडेच राहिलं.

"आज नेत नाही हिला. बुधवारी येईन," क्षमा म्हणाली. "मेढ मोकळी दिसली पाहिजे. आणि मुलगी कुणाकडे असते, ते एक नाव मला हवं. एकच."

सुगंधाने मेढीवरच्या दोन्ही गाठी सोडल्या, शुभाच्या मांडीतली हिरवी पट्टी उचलली, घडी केली आणि पोरीचा हात धरला. शुभाने दुसऱ्या हातात काकणांचे तुकडे गोळा केले.

मालनने कुलूप उघडंच कडीला ठेवलं. निळी पट्टी पिशवीत डब्याखाली घातली आणि उतरणीला लागली. नळापाशी बायका होत्या. तिथे ती थांबली. राजाराम गेल्यापासून त्या जागी तिची मान खाली असे.

"सुगंधा!" वळून तिने हाक मारली. फक्त तिला. "पोरीक बघ गो!"

"हो!" वरून सुगंधाचा आवाज आला.

"हो!" त्याच्या मागोमाग शुभाचा.

बस वळणावर दिसत होती. तरी मालन तिथेच उभी राहिली, मान जराशी कलती करून, हात पिशवीतल्या निळ्या पट्टीवर, आणखी एका 'हो'साठी.