क्रॅशगार्ड

बोल्ट काही केल्या भोकात शिरेना. सत्यजीतने गुडघा टेकून मोटरसायकलचा गार्ड वर रेटला, दुसऱ्या हाताने बोल्ट फिरवला, आणि मेला तो पुन्हा निसटून फरशीवर घरंगळत गेला.

"नाचता येईना, अंगण वाकडं," कृष्णकांत म्हणाले. पार्किंगमध्ये खुर्ची आणवून ते सकाळपासून मुलाची फजिती बघत बसले होते. तळमजल्याच्या सुमतीकाकू मेथी निवडायच्या निमित्ताने दारातच ठाण मांडून होत्या, म्हणजे त्यांना प्रेक्षकही मिळाला होता.

सहा वर्षांच्या इराने बोल्ट उचलून बापाच्या हातात दिला. तिच्या कोपरावरची खपली अजून पडली नव्हती. मागच्या रविवारी ओवे गावाजवळच्या वळणावर खडीवरून गाडी घसरली आणि बापलेक दोघं पडली. फार लागलं नाही, पण तेव्हापासून पोरगी गाडीवर बसायला तयार नव्हती. "चल" म्हटलं की आईच्या मागे लपायची. सत्यजीतला तेच खात होतं. इराने पुन्हा मागे बसावं, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप होता.

"हा दांडा कशाला, बाबा?"

"गाडी पडली ना, तर आधी हा जमिनीला टेकतो. पाय खाली सापडत नाही."

"म्हणजे पुन्हा पडायचं ठरलंय तर," कृष्णकांत म्हणाले. "बैल गेला नि झोपा केला! अहो सुमतीबाई, हा दहावीपर्यंत सायकलला बाजूची चाकं लावून फिरायचा, माहीत आहे?"

काकू हसल्या. इराही हसली. चाकं दुसरीतच निघाली होती, पण बाबांशी वाद घालून आजवर कोण जिंकलंय? सत्यजीतने पान्याने बोल्ट जरा जास्तच जोरात आवळला.

"आमचं काय, आम्ही आज आहोत, उद्या नाही," कृष्णकांतांचं चालूच होतं. "पण एवढ्याशा लेकराला घेऊन पडायचं म्हणजे हद्द झाली."

दुपार व्हायच्या आत दोन्ही बाजू बसल्या. सत्यजीतने गाडी हळूहळू कलती केली, गार्ड फरशीला टेकला, आणि खाली चांगली वीतभर जागा राहिली. इराने त्या फटीत हात घालून बघितला, काढला, पुन्हा घातला. तिचा चेहरा खुलला. सत्यजीतचा जीव भांड्यात पडला.

"बसतेस? एकच चक्कर. गेटपर्यंत."

इराने गाडीकडे पाहिलं, मग खुर्चीकडे.

"आधी आजोबांना ने."

"का गं?"

"ते पडले तर चालेल. ते म्हातारे आहेत ना."

काकूंचा हात मेथीतच राहिला. कृष्णकांत हसायला गेले, पण ते जमलं नाही. त्यांनी मुलाकडे पाहिलं. आता हा पोरीला दटावेल, असं त्यांना वाटलं असावं. दटावायला हवं हे सत्यजीतलाही कळत होतं, शब्द अगदी ओठावर आले होते. ते त्याने गिळले. आणि काय बरं वाटलं त्याला!

त्याने हेल्मेट वडिलांपुढे धरलं.

"बसा, बाबा."

"अरे, माझे गुडघे..."

"गेटपर्यंतच."

सगळे बघत होते. कृष्णकांत उठले. हेल्मेटचा पट्टा त्यांना लवकर लागेना, तरी कोणी पुढे झालं नाही. कसेबसे मागे चढून त्यांनी आधी सीटची कड धरली, मग मुलाचा शर्ट मुठीत घट्ट धरला.

"हळू हां, सत्या," ते कानाशी म्हणाले. सत्या! लहानपणानंतर या नावाने त्यांनी त्याला हाक मारली नव्हती.

मागून इरा टाळ्या वाजवत होती. गेट जवळ आलं तशी शर्टावरची मूठ सैल झाली. सत्यजीतने वेग वाढवला आणि गाडी गेटबाहेर काढून पळस्प्याच्या हायवेकडे वळवली.