घरच्या हँडलचं माप

उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात यंत्रमागाचे सुटे भाग बनायचे आणि त्यांची ड्रॉइंगं प्रियदर्शनी काढायची. नोकरी कायम व्हायला एकच महिना उरला होता, आणि नेमकं तेव्हाच तिच्या हातून हे झालं.

मालक मारुतीरावांनी तिला कॉम्प्युटरवर सगळ्यांसाठी एक लायब्ररी करायला सांगितली होती. नट, बोल्ट, बेअरिंग, हँडल असे नेहमीचे भाग एकदाच नीट काढून एका जागी ठेवायचे. कारखाना ज्या पाच प्रकारच्या मागांचे भाग करायचा, त्या सगळ्यांच्या ड्रॉइंगांत हे भाग तिथूनच घ्यायचे. तिथं एक रेघ सुधारली की पाचही ठिकाणी आपोआप सुधारते. सोय झकास खरी, पण तिथली चूकसुद्धा तितक्याच इमानानं पाचही घरी पोचते, हे पोरीच्या ध्यानात आलं नाही.

माग सुरू करायच्या हँडलचं माप तिनं वडगावातल्या घरी तिचे वडील कल्लाप्पा चालवत त्या मागावरून घेतलं. काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला?

साठ हँडलं ओतून आली. भरमूअण्णांनी ती ग्राइंडरवर घासून तयार केली, तर एकही कुणाच्या मुठीत बसेना. मधला उंचवटा बोटांना टोचायचा. मारुतीराव भडकले.

"नजर गेली तुमची, भरमू. उद्यापासून ग्राइंडर सोडा आणि गेटवर बसा."

"ड्रॉइंगबरहुकूम केलंय, साहेब," भरमूअण्णा एवढंच म्हणाले. पंचवीस वर्षं काम केलेला कारागीर माणूस, मान खाली घालून उभा राहिला. प्रियदर्शनीला वाटलं, जन्मापासून डोळ्यांसमोर असलेलं हँडल चुकेल कसं?

घरी येताच तिनं मागाचं हँडल मुठीत धरलं. आजवर कधी धरलंच नव्हतं. 'शिक, पण मागापास्नं लांब ऱ्हा,' असा वडिलांचा, आप्पांचा दंडक होता. उंचवटा तिच्याही बोटांना टोचला. तेवढ्यात कल्लाप्पा आले, तिला बाजूला सारून त्यांनी माग चालू केला. ती पाळण्यात असताना मागाच्या दातेरी चाकांनी त्यांची मधली दोन बोटं नेली होती. त्या मोकळ्या जागेत उंचवटा अगदी चपखल बसला. बोटं गेल्यावर त्यांनीच तो वेल्डिंग करून घेतला होता.

हे माप फक्त आप्पांच्या हाताचं, हे प्रियदर्शनीला आता कळलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर आपण! नोकरी गेली तर गेली, असं म्हणून सकाळी ती मालकांपुढे उभी राहिली.

"साहेब, भरमूअण्णांचं काही चुकलं नाही. माप मी चुकवलं."

"कुठनं घेतलं होतंस?"

"आमच्या आप्पांच्या हातावरनं." आणि तिनं सगळं सांगितलं.

मारुतीरावांनी भरमूअण्णांना गेटवरनं बोलावून घेतलं. मग म्हणाले, "आधी लायब्ररीतलं नीट कर. आणि नवा भाग घालायच्या आधी भरमूच्या हातात देऊन बघत जा. भरमू, ग्राइंडरवर जावा."

खरी परीक्षा घरी होती. आपल्या थोट्या हातामुळे पोरीची चूक झाली, हे ऐकून आप्पांना काय वाटेल? तिनं अडखळत, डोळे पुसत सांगितलं. कल्लाप्पांनी माग थांबवला. आपल्या हाताकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि स्वयंपाकघराकडे वळून मोठ्यानं हाक मारली, "अगं, ऐकलंस का? इतकी वर्सं पोरीला माझा हात धडधाकटच दिसला!"