न पुसलेली रायफल

माझ्या नळीची शप्पथ, बोल्टची शप्पथ, खोटं बोलले तर जागच्या जागी गंजून मरेन! मित्रांनो, आता सांगते त्यातला शब्द न् शब्द खरा आहे.

मी एक जुनी रायफल आहे. वयानं तुमची आजीच म्हणा. जपानात, होक्काइदोच्या डोंगरात राहते. दाराच्या कडीसारखा माझा बोल्ट पुढं सारला की गोळी आत बसते, मागं ओढला की बाहेर पडते. बोल्टच्या पोटात एक सुई असते. ती गोळीच्या बुडाला जोरात टोचली, तरच बार उडतो. माझा सगळा जीव त्या सुईत.

पोलादातून मला कोरलं, अक्रोडाच्या लाकडात बसवलं. माझा पहिला मालक थकला तेव्हा मला निशिवाकीशेठच्या दुकानात ठेवून गेला. तिथं मी धूळ खात पडले होते. एक दिवस मिसाओ आली. आमच्याकडे दहा वर्षं छर्‍याची बंदूक चालवल्याशिवाय रायफल हातात देत नाहीत. तिची ती दहा वर्षं भरली होती. सोबत तिचे तोराकिचीकाका. सगळा जन्म अस्वलांमागं गेलेला, आता डोळे अधू झाले म्हणून परवाना परत देऊन बसलेले.

"ही बघा ताई, नवी कोरी! दुर्बीण अशी, की अस्वलाच्या पापण्या मोजाल," शेठ म्हणाले.

"ही पापण्या मोजेपर्यंत ते हिच्या बरगड्या मोजेल," काका म्हणाले. "पोरी, जाड हातमोजे चढव आणि एकेकीचा बोल्ट ओढून बघ. थंडीत नुसती बोटं कुणाची चालतात?"

नवीच्या बोल्टची मूठ चिमुकली. मोज्यातून सटकन निसटली. मग मिसाओनं मला उचललं. खटाक्! एका दमात.

"काका, ही अगदी तुमच्यासारखी दिसते हो. ओरखडेच ओरखडे!"

"म्हणून तर भरवशाची. घे तीच."

घरी आल्यावर काकांनी तिला एकच गोष्ट शिकवली. "थंडीतून उबेत आली की हिला घाम फुटतो. आधी पडवीत थांबव. बोल्ट काढ, सुईपर्यंत कोरडा कर. हिला पुसल्याशिवाय स्वतः जेवायचं नाही."

मिसाओनं ते वर्षानुवर्षं पाळलं. तिची दुभती गाय रुसली तरी चालेल, मी रुसता कामा नये! मित्रांनो, सुखाचे दिवस होते ते.

मग एका हिवाळ्यात तिनं भलंमोठं हरीण पाडलं. संध्याकाळी सगळी आळी जेवायला लोटली. पातेल्यात मटण रटरटतंय, साकेचे, तांदळाच्या दारूचे, पेले फिरतायत, खिडक्या वाफेनं पांढर्‍या झाल्यात. "काय नेम! काय रायफल!" माझं इतकं कौतुक आजवर झालं नव्हतं. आणि त्या कौतुकात मिसाओनं मला तशीच लोखंडी कपाटात घातली. कायद्यानं कुलूप लावलं. फडकं खुंटीवरच राहिलं.

आत अंधारात मला घाम फुटला. थेंब ओघळत ओघळत सुईपाशी जाऊन बसला. मी ओरडले असते, पण रायफलीला एकच आवाज असतो.

सकाळी निरोप आला. खालच्या गोठ्यात अस्वल शिरलं होतं. ऐन हिवाळ्यात! ज्याला झोपायला बीळ सापडत नाही, ते अस्वल भुकेनं वेडं होतं. त्याच्यापेक्षा वाईट आमच्या डोंगरात काही नाही. पाऊल एवढं, की त्यात मिसाओचं मांजर हातपाय ताणून झोपलं असतं.

"मीही येतो," काका म्हणाले. "माग मला वाचता येतो."

"डोळ्यांनी दिसत नाही आणि माग वाचणार म्हणे!"

"बोटांनी वाचीन. चल गुमान."

बाहेर बर्फ करकरत होता. त्या गारठ्यात माझ्या पोटातला थेंब गोठला. सुई घट्ट चिकटली. मला कळत होतं, मित्रांनो. त्या दोघांना नव्हतं.

पावलं बांबूच्या झुडपांपर्यंत गेली आणि संपली. काका वाकले, एका ठशात बोटं फिरवली. त्यांचा चेहरा उतरला.

"पोरी, हलू नकोस. ते स्वतःच्याच पावलांवर उलटं चालत आलंय. बाजूला उडी मारून बसलंय. आपण त्याला ओलांडून आलोय."

मागची झुडपं फुटली. मिसाओ वळली, नेम धरला, चाप ओढला.

टक्.

बस्स, एवढंच. तिनं बोल्ट ओढला, दुसरी गोळी घातली. टक्.

"ए थेरड्या! इकडे बघ, इकडे!" काका ओरडले आणि हात पसरून मध्ये आले. अस्वल तिला सोडून त्यांच्यावर गेलं.

तिसर्‍या खेपेला सुईवरचा बर्फ तुटला. बार उडाला. अस्वल काकांच्या अंगावरच कोसळलं.

मिसाओनं कसंबसं त्यांना बाहेर ओढलं. काकांनी एक डोळा उघडला आणि ते म्हणाले, "पुसली नव्हतीस ना? असू दे पोरी. आता पूस म्हणजे झालं."

मित्रांनो, ज्याच्यावर जीव टाकायचा त्याचं नुसतं कौतुक करू नका. आधी फडकं घ्या, मग पेला उचला. भरवसा दुकानात मिळत नाही. तो रोज पुसून पुसून ठेवावा लागतो.

आणि हो, शप्पथ घेतली आहे तर सांगूनच टाकते. एक गोष्ट मी रचली. काका शेवटी काहीच बोलले नाहीत. त्यांनी डोळा उघडलाच नाही. पण मिसाओ अजून दर संध्याकाळी पडवीत बसून मला पुसते. कोरडी झाले तरी पुसतच राहते. अशा वेळी मी ते वाक्य मनातल्या मनात म्हणते. तिला ऐकू जात नाही.