पाण्याची कामे शक्यतो टाळावीत

माझा भाऊ त्वचेचा डॉक्टर आहे आणि माझ्या हातांना दर हिवाळ्यात भेगा पडतात. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात. मी हसत नाही. मला राग येतो, आणि तो गिळायचा नाही असं मी या हिवाळ्यात ठरवलं.

आमच्या फ्रिजवर दादाच्या दवाखान्याचा एक चकचकीत कागद आहे. 'थंडीतील त्वचेची काळजी : दहा सोपे उपाय.' वर गालाला हात लावून बसलेल्या एका बाईचा फोटो. तिने आयुष्यात एक फडकं पिळलं नसेल. कागद दादानेच आणला आणि दादानेच चिकटवला. चौथा उपाय असा आहे : 'पाण्याची कामे शक्यतो टाळावीत.'

बरं, टाळली. मग ती करावीत कुणी? ते काही कागदावर नाही. मी उलटून पाहिलं. मागे दवाखान्याच्या वेळा आहेत.

तीन वर्षांपूर्वी आईची डावी बाजू गेली. जीभ तेवढी शाबूत राहिली, आणि ती चालते. दिवसा एक बाई येते, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, तेही शनिवार-रविवार सोडून. उरलेल्या वेळी आईला उचलायचं, धुवायचं, पुसायचं, कोरडं करायचं, हे सगळं माझ्याकडे. कारण मी मोकळी. लग्न न झालेल्या बाईला घरचे 'मोकळी' म्हणतात. माझ्याइतकी बांधलेली बाई या गल्लीत दुसरी नसेल, पण म्हणतात मोकळी.

आईच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून प्रत्येक वेळी औषधी साबणाच्या पाण्याने पुसायचं, हे सांगितलं कुणी? दादाने. त्या साबणाने माझ्या बोटांची सालं निघाली, तेव्हा 'तुझी त्वचा मुळातच कोरडी आहे' हे सांगितलं कुणी? दादानेच. सांगायला त्याचं काय जातं?

रबरी हातमोजे मी पहिल्याच हिवाळ्यात आणले होते. आईने माझा हात झटकला.

"रबर घालून हात लावतेस मला? मी काय घाण आहे का?"

दिवसभर रडली, जेवली नाही. मोजे मी कचऱ्यात टाकले. तेव्हापासून उघड्या हातांनी.

आता हे हात म्हणजे माझी भाकरी आहे. मी एका कारखान्यात रेशमाच्या टेबलावर बसते. ओढण्यांच्या कडा दुमडून हाताने शिवायच्या, मशीन लावायचं नाही. एकोणीस वर्षं झाली. थंडीच्या दिवसांत दर सोमवारी आमचे हात तपासतात. टेबलाच्या प्रमुख मोठ्या बाई तळहाताएवढा रेशमाचा तुकडा घेतात आणि प्रत्येकीच्या दहाही बोटांवरून ओढतात. घसरला तर बसा. अडकला तर उठा. खरखरीत बोटाने कापडाचा एक धागा ओढला की अख्खी ओढणी बाद होते, त्यामुळे नियम खोटा नाही. पण कामाच्या वेळात हाताला काही लावायचं नाही, तेलाचा डाग पडतो. म्हणजे भेगाही नकोत आणि मलमही नको. वर कडाक्याची थंडी.

पहिल्यांदा अडकलं तर आठवडाभर खोकी भरायला. त्याच हिवाळ्यात दुसऱ्यांदा अडकलं तर तळघरात, कापड खळबळायला, दिवसभर गार पाण्यात हात. हात खराब झाले म्हणून ते आणखी खराब होतील अशा जागी पाठवायचं, हे ज्या कुणाच्या डोक्यातून निघालं त्याच्या डोक्यावर ते पाणी ओतावं. तिथून परत वर आलेली बाई मी एकोणीस वर्षांत पाहिली नाही.

या हिवाळ्यात मी एकदा अडकले होते. चूक आमच्यातल्या सगळ्याच करतात ती. बसस्टॉपवर उभं राहून नखं घासायच्या कानशीने बोटं घासली. त्या क्षणाला बोट गुळगुळीत होतं आणि तासाभरात त्याची पापुद्र्यासारखी साल उभी राहते. मोठ्या बाईंच्या हातातला तुकडा माझ्या अंगठ्यावर थांबला. त्यांनी वर पाहिलं.

"बाई गं, अजून अर्धा हिवाळा आहे. पुढच्या वेळी मी काही करू शकणार नाही."

खोकी भरून परत आले. दोन सोमवार कसेबसे निभावले. तिसऱ्याच्या आधीच्या शुक्रवारी उजव्या हाताची तर्जनी आणि अंगठा दोन्ही फुटले, रक्त येईपर्यंत. मी दादाला फोन केला.

"दादा, शनिवार-रविवार ये. सोमवारी हात तपासणार आहेत."

"येतो की. तुझ्यासाठी नवीन मलम आलंय, बघच तू."

शनिवारी दुपारी आला. गाडी लावली, किल्ली टेबलावर टाकली, आईच्या कपाळावरून हात फिरवला. आईचा चेहरा फुलला. मग त्याने माझे हात पाहिले आणि च्च च्च केलं.

"पाण्यात किती घालतेस गं हात! कागद लावून ठेवलाय ना तिथे?"

तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी गोड आवाजात म्हटलं, "वाचलाय. सातवा उपाय करायचाय. जाड थर लावून वरून सुती मोजे. तूच लाव ना, तू डॉक्टर आहेस."

खूश झाला बिचारा. एकेका बोटाला मलम चोळलं, पायातले सुती मोजे हातांवर चढवले, मनगटाशी पट्टीने बांधले. काम सुरेख केलं, खोटं का बोलू?

"आता हे किती वेळ ठेवायचं?" मी विचारलं.

"जितका जास्त वेळ, तितकं चांगलं."

"मग सोमवारी सकाळी सोडेन."

तो हसला. मी हसले नाही. तेव्हा त्याने आईच्या पलंगाकडे पाहिलं, मग माझ्या मोज्यांकडे, मग परत पलंगाकडे.

"आणि आईचं?"

"पाण्याची कामे शक्यतो टाळावीत," मी म्हटलं. "माझ्याच्याने आजच शक्य झालंय."

दादा स्वयंपाकघरात गेला. अंडी उकडली, पाव भाजला, मला चमच्याने खाताना पाहिलं. दूध उतू घालवलं. आणि आईने काय केलं? काहीच नाही. तिला काही लागलंच नाही. दुपार गेली, संध्याकाळ गेली, चादर कोरडी. दादा म्हणाला, "बघ, तू उगाच बाऊ करतेस. एवढं काही नसतं."

 माझंही चुकलं, आईकडे नीट पाहायला हवं होतं. पण मला त्या दिवशी फक्त माझे हात दिसत होते.

रविवारी सकाळी दादाने आईचा चेहरा उजेडाकडे वळवला. तिचे ओठ फुटले होते, मधोमध उभी चीर आणि कडेला पांढरे पापुद्रे. दादाने बॅगेतून एक छोटी डबी काढली.

"थंडीने ओठ फुटलेत हिचे. दिवसातून चार वेळा लाव."

मी पलंगाशेजारचा तांब्या पाहिला. शनिवारी सकाळी मी भरून ठेवला होता तसाच होता, काठापर्यंत.

"आई," मी विचारलं, "पाणी का नाही प्यायलीस?"

आई भिंतीकडे बघत म्हणाली, "तहान नव्हती."

"काल सकाळपासून?"

"तो आलाय दोन दिवस. त्याला कशाला त्या घाणीत घालायचं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि कळल्यावर मी अशी ओरडले की खालच्या मजल्यावरच्यांनी दार उघडून पाहिलं.

"थंडीने नाही फुटले ओठ! तुझ्यामुळे फुटलेत. तुला धुवावं लागू नये म्हणून ती पाणी पीत नाहीये. त्वचेचा डॉक्टर ना तू? डबी काढतोस? पाणी पाज तिला. आत्ता. माझ्यासमोर."

"अगं, हळू बोल."

"तीन वर्षं हळू बोलले. पाज."

 दादाने पेला भरला, आईचं डोकं हातावर घेतलं. ती नको नको म्हणत राहिली. त्याने पाजलं. एक पेला, मग थोड्या वेळाने दुसरा. तिच्या घशाचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. इतकी तहानलेली होती ती. मला रडू आलं, पण मोजे घातलेल्या हातांनी डोळे पुसता येत नाहीत, मलम डोळ्यांत जातं. म्हणून तेही राहिलं.

दुपारी व्हायचं ते झालं. दादा उठला. बॅग उघडली आणि दवाखान्यातल्या पातळ हातमोज्यांचा खोका काढला. एक जोडी ओढून घातली, चट् चट् आवाज आला. मी आईकडे पाहत राहिले. आता म्हणेल, मी काय घाण आहे का. आता हात झटकेल. 

आईने काही म्हटलं नाही. त्याला सोपं जावं म्हणून स्वतःहून उजवा पाय उचलला.

त्याचं आवरून झालं, तो बादली घेऊन आत गेला, तेव्हा मी पलंगाजवळ गेले.

"त्याने घातलेले चालले तुला?"

"त्याचं वेगळं आहे गं," आई म्हणाली. आवाजात वाईटपणा नव्हता, समजूत घालायचा सूर होता. "त्याला पेशंट बघायचे असतात. त्याच्या हाताला काही व्हायला नको."

मारलं असतं तर कमी लागलं असतं. मी बाहेर जाऊन गॅलरीत उभी राहिले. गार वारा होता. मोज्यांच्या आत बोटं ठणकत होती, आणि त्यातलं एकही बोट आईला कधी दिसलं नव्हतं.

संध्याकाळी दादाची आवराआवर सुरू झाली.

"सकाळी दवाखाना आहे. उद्या पहाटेचं तेवढं तू बघशील ना? एकदाचंच तर आहे."

तो फोनवर बोलत गॅलरीत गेला. मी दातांनी उजव्या मोज्याची पट्टी सोडली, मलमाचा नवा थर लावला, टेबलावरची किल्ली मुठीत घेतली आणि मोजा परत चढवून दातांनीच गाठ मारली. तो आत आला, शोधायला लागला. खिसे, बॅग, उशा, फ्रिजच्या वर.

"माझी किल्ली पाहिलीस?"

मी उजवा हात वर केला.

"वेडी आहेस का तू?"

"उद्या साडेसातला सोडणार आहे. पहाटेचं तुझं झालं की."

"हा पोरकटपणा आहे."

"आहे. मोकळी आहे ना मी, मला चालतो."

त्याने वहिनीला फोन करून आता सकाळीच येईन म्हणून सांगितलं. पहाटे उठला, पाणी तापवलं, आईचं सगळं केलं, चादरसुद्धा बदलली, तिरकी का होईना. साडेसातला मी मोजे काढले. किल्ली मलमाने माखली होती. त्याने ती रुमालाने पुसली आणि माझे हात उलटसुलट करून बघितले. भेगा मिटल्या होत्या. अंगठ्यावर एक लाल रेघ उरली होती.

"तुझे हात..." म्हणून तो थांबला.  जाताना म्हणाला, "पुढच्या शनिवारी येतो." मी म्हटलं, "दर शनिवारी."

आठला बाई आली. मी कोरड्या फडक्याने हात पुसपुसून कारखान्यात गेले. मोठ्या बाईंनी तुकडा करंगळीपासून सुरू केला. अंगठ्यापाशी मी डोळे मिटले. तुकडा त्या लाल रेघेवरून गेला आणि घसरला.

"बस," मोठ्या बाई म्हणाल्या.

दिवसभर मी ओढण्यांच्या कडा शिवल्या. संध्याकाळी घरी आले तेव्हा बाई निघून गेली होती आणि चादर ओली होती. मी पाणी तापवलं. हातमोज्यांचा खोका दादा खिडकीत विसरून गेला होता, की ठेवून गेला होता, कोण जाणे. मी एक जोडी काढली आणि घातली.

आईने पाहिलं. तोंड वाकडं झालं, डोळे भरून आले.

"मी काय घाण आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "मला रेशीम बघायचं असतं. माझ्या हाताला काही व्हायला नको."

आई बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिली. पाणी निवत चाललं होतं. मी बादली जवळ ओढली आणि थांबले. आज मला घाई नव्हती. मग आईने तोंड भिंतीकडे वळवलं आणि उजवा पाय उचलला.