पेटीत भंडारा

माधवनगरात एकवेळ घरात पीठ नसंल, पन भजनी मंडळ न्हाई असा गडी सापडायचा न्हाई. गिरणीचा भोंगा झाला की आंगावरचा कापूस झाडत समदे टाळ घ्यायला पळायचे. आन् मंडळं तरी किती! चाळीगनिक एक. परतेकाच्या पाटीवर 'स्वतंत्र' लिवल्यालं. मला आदी वाटलं, देश स्वतंत्र झाला त्या खुशीत लिवलं असंल. मग कळलं, स्वतंत्र म्हंजी भांडून फुटल्यालं. एक मंडळ फोटूत फुडं कोन बसनार, यावरनं फुटलं हुतं. दुसरं परसादाच्या शिऱ्यात साखर कमी पडली म्हनून. देव समद्यांचा एकच, पन एका जाजमावर दोन बुवा काय मावायचे न्हाईत.

आमी हितं परमुलखी. दुष्काळात मेंढरं गेली, तवा जतच्या अंगाच्या वाडीवरनं मी बयाबाई आन् माझं मालक हरिबा, दोघं गिरणीच्या आसऱ्याला आलो. संगं चार भांडी, एक घोंगडं आन् माझ्या बापाचा ढोल. बापाला ल्योक नव्हता. लग्नात त्यानं ढोल मालकांच्या हातात दिला आन् म्हनाला, "पावनं, पोरगी दोन दिस उपाशी ऱ्हायली तरी चालंल, पन ढोल मुका ठिऊ नगा." बाप का वैरी म्हनायचा! मला लय राग आला हुता. पन मालक ढोल गळ्यात घालून हुबं ऱ्हायलं, की माझा राग कुठल्या कुठं पळायचा. गजीच्या नाचाचा फेर असा धरायचे की काठी टेकत आल्यालं म्हातारं काठी टाकून नाचायचं.

आन् हितं तोच ढोल घोंगड्यात गुंडाळून माळ्यावर पडला. पावसाळा गेला, थंडी गेली. एकदा मी सहज थाप मारली, तर ओल्या गोनपाटावर मारल्यागत आवाज आला. जत्रंला वाडीवर गेले आन् बापानं इचारलं तर काय तोंड दावू?

"आवं, एवढी मंडळं हायती," मी मालकांस्नी म्हनले, "कुठंतरी घुसा की."

मग रोज सांजंला आमची फेरी सुरू झाली. मालक फुडं बसायचे, मी मागं बायकांत. पयल्या मंडळात अभंग संपला की च्या, च्या संपला की भांडान, आन् भांडान संपलं की आरती. तितं टाळापरास कपबशाच जास्त वाजायच्या. दुसऱ्या मंडळानं नवा माईक आनल्याला. त्यांचा बुवा 'हॅलो, हॅलो' एवढ्या भक्तीनं म्हनायचा की मला वाटलं, ह्यो सांगलीकडला कुनी नवा देव असंल. मी हात जोडले की! तिसऱ्या ठिकानी चाल शिनेमाची आन् नाव देवाचं. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, आन् बुवा डोळं मिटून डुलायचा.

समदीकडं एकच इचारायचे, "काय वाजिवता?"

"ढोल," मालक म्हनायचे.

की हसलेच समदे. "गड्या, हितं काय मेंढरं हाकायची न्हाईत," एक बुवा म्हनाला. मालक खाली मान घालून हसले. माझ्या मात्र असं मनात आलं, की उठावं आन् त्या बुवाच्या टाळक्यात टाळ घालावा.

शेवटाला सयाजी सुभेदारानं घेतलं. ह्यो सातारकडचा, पलटनीतनं पेन्शन घेऊन आल्याला आन् गिरणीच्या गेटावर बसल्याला. भजनबी पलटनीगत चालवायचा. शिट्टी वाजली की टाळ हातात, दुसरी शिट्टी की गवळन. पेटी सवता वाजवायचा आन् त्या पेटीला कुनाला बोट लावू द्यायचा न्हाई. सांगलीत भजनाची मोठी स्पर्धा ठरली हुती. तितं बारा जन लागायचे, आन् त्याचा एक गडी नुकताच फुटून स्वतंत्र झाला हुता. म्हनून मालकांचं नशीब उघडलं.

"हरिबा, डिसिप्लीन पायजे," सुभेदार म्हनाला. "ढोल बसून वाजवायचा. हळू वाजवायचा. वरनं टावेल टाकायचा."

आता बसून ढोल! बसून कुस्ती खेळा म्हनल्यागत झालं की. पन मालक रोज घरात मांडी घालून, ढोलावर टावेल टाकून टुक टुक करत बसायचे. मी भाकरी थापायची, तर माझ्याच परातीचा आवाज मोठा यायचा. पन म्हनलं, असू दे. मुक्यापरास बोबडं बरं.

स्पर्धंच्या दिशी सांगलीत ही गर्दी! परीक्षक साताऱ्यावरनं आल्याला, पांढरंशुभ्र धोतर, पांढरा कोट. मांडवाच्या कडंला आमच्या जतकडले हमाल आन् गिरणीतले गडी हुबे. आमच्या मंडळाचा पुकारा झाला. बारा जन वळीनं बसले. सुभेदारानं पेटीचा भाता उघडला, शिट्टी तोंडात धरली.

आन् मालकांनी कनवटीची पिशवी काढली.

आमच्यात ढोलाला पयली थाप मारायच्या आदी भंडारा उधळत्यात. ढोलावर, वाजिवनाऱ्यावर, ऐकनाऱ्यावर. आंगावर पडला तर झाडायचा न्हाई, रागवायचं न्हाई, 'चांगभलं' म्हनायचं. ही रीत आमच्यात शेंबड्या पोरालाबी म्हाईत. सुभेदाराला कुनी सांगायची? आन् मालकांस्नी तरी काय ठावं, की ह्या लोकांस्नी ठावं न्हाई!

"बिरोबाच्या नावानं चांगभलं!" मालक वराडले आन् मूठच्या मूठ हळद उधळली. परीक्षक पिवळा. सुभेदाराच्या मिशा पिवळ्या. आन् पेटीचा भाता उघडा, त्यानं दम वढला तो समदा भंडाराच वढला. सुभेदारानं पट्टी दाबली, तर पेटीतनं पडसं झाल्याल्या बोकडागत आवाज आला. दुसरी दाबली, ती दाबल्याली वर यायलाच तयार न्हाई. तो त्वांड उघडून शिव्या द्यायला गेला, पन देवाच्या भंडाऱ्याला शिवी देनार कशी! तेवढ्यात कडंच्या हमालांनी 'चांगभलं' केलं.

मग मालकांस्नी कोन बसवतंय! टावेल फेकला, ढोल गळ्यात घातला आन् हुब्यानं थाप हानली. कडंचे गडी मांडवात घुसले आन् फेर धरला. माझ्या डोळ्यांस्नी धारा लागल्या. बाया इचारत्यात, "काय गं, काय झालं?" मी म्हनले, "बाप भेटला गं माझा." दुसरं काय सांगनार?

नंबर? शेवटनं पयला. परीक्षकानं कागुदावर लिवलं, 'अस्वच्छ सादरीकरण.'

मंडळ सांगलीतनं माधवनगरला पोचस्तवर फुटलं. निम्मे सुभेदाराकडं, निम्मे मालकांकडं. चार दिसात पाटी लागली, 'जय बिरोबा स्वतंत्र भजनी मंडळ, अध्यक्ष हरिबा'. मी पाटीला हळदकुकू लावलं. येडीच मी!

अध्यक्ष झाले आन् मालकांच्या डोक्यावर इस्त्रीची टोपी आली. मग वर्गनी करून पेटी आनली. मग ते पेटी शिकाय लागले. "ढोल कोन वाजिवनार?" मी इचारलं. "अध्यक्षानं हुब्यानं ढोल बडवनं शोभत न्हाई, बये," म्हनाले. 'शोभत न्हाई'! मेंढरांमागं उघड्या पायानं हिंडल्याला मानूस! ढोल पुन्यांदा माळ्यावर गेला आन् परत त्याच्यावर घोंगडं पडलं. स्पर्धंच्या शिल्डाची जागा तेवढी भिताडावर खिळा ठोकून राखून ठिवली. शिल्ड अजून यायचीच हाय.

फुडल्या सालच्या उन्हाळ्यात आमच्याच जतकडला गुंडा नावाचा गडी बायकापोरं घिऊन आला. सांजंला आमच्या घरात भजनाला येऊन दाराशीच बसला. अभंग संपल्यावर भीत भीत म्हनाला, "हरिबादादा, मी ढोल वाजिवतो. माझा दुष्काळात इकला. कुनाचा असंल तर..."

मालकांनी पेटीवरनं मान वर केली. टोपी नीट केली.

"डिसिप्लीन पायजे," म्हनाले. "बसून वाजवायला येतंय का? हळू. वरनं टावेल टाकायचा."

समदे हसले. गुंडाबी खाली मान घालून हसला. अगदी तसंच, जसं मालक हसले हुते. माझ्या टाळूला आग लागली. मी उठले, माळ्यावरचा ढोल काढला, चुलीफुडं धरून कातडं तापवलं, आन् भर भजनात नेऊन गुंडाच्या गळ्यात घातला.

"बये, काय करतीस?" मालक म्हनाले.

"बापाचा सबूद राखते," मी म्हनले आन् देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची पिशवी सोडली. पेटीचा भाता उघडाच हुता. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" म्हनून अख्खी पिशवी पेटीवर उपडी केली. मालकांच्या टोपीवरबी ढीग झाला.

समदे मालकांच्या तोंडाकडं बघाय लागले. मालक लालबुंद. हात टोपीकडं गेला, हळद झाडायला. आन् मधीच थांबला. झाडनार कसा? समद्यांनी बघितलं आसतं. मी कमरंवर हात ठिऊन हुबी.

"म्हना की, अध्यक्ष," मी म्हनले.

"चांगभलं," मालक म्हनाले. पार टावेलाखालनं आल्यागत आवाज.

गुंडानं हुब्यानं थाप हानली. काय वाजिवला गड्यानं! कुनी म्हनायच्या आदीच चार जन उठले, फेर सुरू झाला. मालक पेटीम्होरं बसून ऱ्हायले, पन त्यांचा अंगठा मांडीवर ताल धरत हुता, मी बघितला. जरा येळानं टोपी काढून पेटीवर ठिवली, उठले आन् फेरात शिरले. मला परत रडू आलं. पन मी पुसून टाकलं, लाड कशाला करायचे.

दुसऱ्या दिशी मंडळ फुटलं, ते फुटायचंच हुतं. नव्या स्वतंत्र मंडळाचा अध्यक्ष गुंडा. काल त्याच्या बायकूनं सांगितलं, की तो बाजारात टोपी बघत हुता.

बघू दे. भंडाऱ्याची पिशवी मी आता कनवटीलाच ठिवते.