अडलेल्याची वही

ताईंच्या टेबलाकडे बघून ऑफिसातल्या लोकांनी घड्याळ लावलं असतं तरी चाललं असतं. साडेनऊला येऊन त्या संगणक सुरू करायच्या आधी एका चिठ्ठीवर दिवसाची तीन कामं लिहीत. चौथं कधीच नाही. "चौथं लिहिलं की पहिलंही होत नाही," असं त्यांचं म्हणणं. अकरापर्यंत मेल उघडायची नाही, फोन खणात. संध्याकाळी निघताना कोडची एक ओळ मुद्दाम अर्धी सोडायची, म्हणजे सकाळी बसल्याबरोबर हात चालू लागतो. प्रोग्रामिंगमध्ये तेहतीस वर्षं काढली ती अशी.

पण त्यांच्या खऱ्या जिव्हाळ्याची होती ती अडलेल्याची वही. त्या नोकरीला लागल्या तेव्हा प्रोग्राम घड्याघड्यांच्या लांबलचक कागदावर छापून येत, आणि चूक शोधायला तो कागद जमिनीवर पसरून चांगली मोठी माणसं गुडघ्यांवर रांगत. त्या वेळच्या साहेबांनी नियम घालून दिला होता: कुठे अडलं, किती वेळ अडलं आणि कोणी सोडवलं, हे रोज खरं खरं लिहायचं. लाजायचं नाही. आणि ही वही वरच्या मजल्यावर कधी जाणार नाही, हा साहेबांचा शब्द. साहेब निवृत्त झाले, कागद गेले, पण वही ताईंनी चालू ठेवली.

नऊ वर्षांपूर्वी धाकटी आली. सतत ताईंच्या मागे मागे असायची, म्हणून सगळे तिला ताईंची धाकटी म्हणू लागले आणि तिचं खरं नाव मागेच पडलं. पहिल्याच आठवड्यात एका चुकीपायी ती जिन्यात बसून रडत होती. ताई शेजारी बसल्या आणि त्यांनी आपली वही तिच्या मांडीवर ठेवली.

"वाच. परवा एका स्वल्पविरामापायी माझे पावणेतीन तास गेले. मी रडले का?"

धाकटीने नाक ओढलं. "माझे तर दोनच गेलेत."

"मग अजून पाऊण तास रडायला हरकत नाही."

धाकटी रडता रडता हसली. पुढे तिनेच त्या वहीचा संगणकावर तक्ता करून दिला. आठही जणांनी त्यात रोज आपापले अडलेले तास भरायचे, बेरीज आपोआप. गेल्या वर्षी ती टीमची प्रमुख झाली तेव्हा ताईंनी पोटच्या पोरीचं कौतुक सांगावं तसं ते घरीदारी सांगितलं.

रक्तपेढ्यांचा प्रोग्राम अठरा वर्षं ताईंनी सांभाळला होता. कोणत्या गटाची पिशवी कुठे आहे, कोणत्या रुग्णासाठी राखली आहे, कधी बाद होणार, सगळं त्यात. आता तो नव्याने लिहायचा होता. ताईंच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आणि जाण्यापूर्वी तो एकदा पहिल्यापासून, मनासारखा आपल्या हाताने लिहायचा एवढीच त्यांची इच्छा. तीन महिने त्या तयारी करत होत्या. जुन्यातला एकेक नियम का आला, कोणत्या चुकीनंतर आला, सगळं टिपून ठेवलेलं.

सोमवारच्या बैठकीत धाकटीने भिंतीवर एक आलेख दाखवला. वर लिहिलं होतं, 'वर्षभरात अडकण्यात गेलेले तास'. आठ खांब, खाली नावं नाहीत. सात खांब बोटभर. आठवा पार वरच्या कडेला टेकलेला: दोनशे बारा. नावाची गरजच नव्हती. सगळे एकाएकी आपापल्या नखांकडे बघू लागले.

"वरून ठरलंय," धाकटी भिंतीशी बोलल्यासारखी म्हणाली. "नवं काम पाच जणांची टीम करेल. ताई जुना प्रोग्राम बंद होईपर्यंत बघतील."

बैठक संपल्यावर ताई पाणी प्यायला गेल्या, तर दाढीवाला आधीच तिथे उभा. सहा वर्षं पलीकडच्याच टेबलावर बसणारा, सरळ माणूस.

"ताई, तुम्ही खरंच खरे तास लिहीत होता?" त्याने हळूच विचारलं.

"मग काय खोटे लिहायचे?"

"अहो, आम्ही सगळे दहा-वीस मिनिटं टाकतो. परवा माझा अख्खा दिवस गेला, लिहिलं अर्धा तास."

"कोणी सांगितलं असं लिहायला?"

दाढीवाल्याचा चेहरा पडला. "तुम्हाला... धाकटी बोलली नाही? वर्ष झालं, ती प्रमुख झाली ना. तेव्हाच म्हणाली, आता तक्ता वर जातोय, जपून भरा."

ताई ग्लास तसाच ठेवून सरळ धाकटीच्या काचेच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

"सगळ्यांना सांगितलंस. मला का नाही?"

धाकटी उठून उभी राहिली. "ताई, तुम्ही ऐकलं नसतं. वर जाऊन भांडला असता."

"भांडले असतेच. साहेबांचा शब्द होता तो. मी तोच तुला दिला होता."

"आणि मग वरच्यांनी सगळ्यांच्याच आकड्यांवर संशय घेतला असता," धाकटी म्हणाली. थोडं थांबून, अगदी बारीक आवाजात, "तुमचे खरे होते ना ताई, म्हणून बाकीच्यांचे खपले."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, असं ताईंच्या मनात आलं. एवढ्या मऊ हाताने.

"त्या दोनशे बारातले साठ तास मी तुझं अडलेलं सोडवत तुझ्या खुर्चीशेजारी बसले होते."

"माहितेय मला."

"आलेख काढताना माहीत होतं?"

काचेबाहेर कुणीतरी हसलं, कीबोर्डचा खडखडाट चालूच होता. मग धाकटीने धीर केला. "ताई, एक मागू? नव्या टीमला रोज तासभर द्याल? ते जुने नियम तुमच्याशिवाय कोणालाच कळत नाहीत."

नाही म्हणायला ताईंची जीभ शिवशिवली. पण एका नियमाचं कारण त्यांच्याखेरीज आता कोणालाच आठवत नव्हतं: एकाच नावाचे दोन रुग्ण, एकाच दिवशी, एकाच वॉर्डात. तो नियम कुणी फालतू समजून गाळला तर चुकीची पिशवी कुणाच्या तरी शिरेत जाणार, आणि ते माणूस ना धाकटीचं कोण, ना ताईंचं.

"देईन," त्या म्हणाल्या. "उद्या साडेनऊपासून. पाचही जण वेळेवर हवेत."

"थँक यू, ताई."

ताईंनी दाराच्या मुठीवर हात ठेवला. "बाकीच्यांनी म्हटलं तर म्हणू देत. तू मला ताई म्हणू नकोस."

"मग काय म्हणू?"

"ते तू बघ," ताई म्हणाल्या, आणि दार उघडून आपल्या टेबलाकडे गेल्या.